तळ्याकाठचे मीठ

सह्याद्रीच्या कुशीत, कारवीच्या रानाला टेकून आमणोली नावाचे खेडे आहे. तिथल्या राईतल्या महादेवाच्या देवळात तुळाजी महाराजांनी एक उन्हाळाभर मुक्काम केला. केवढे त्या गावाचे भाग्य!

गावाबाहेर धुरपा धनगरीण मेंढरे राखून राहायची. त्या साली रानातल्या सांबरांना जंतांनी पोखरले. बरगड्या वर आल्या, जबड्याखाली पाण्याची सूज लोंबू लागली. ती गावच्या तळ्यावर पाणी प्यायला येत. दौलतराव पाटलांनी फर्मान सोडले, "ही रोगट जनावरं आपल्या गुरांना बाधतील. सोमवारी सकाळी सगळी गोळीनं उडवायची."

धुरपाला ते मुळीच पटले नाही. एकदा सांबराच्या ओरडण्यानेच तिला बिबट्याची चाहूल लागली होती आणि कळप वाचला होता. ते उपकार ती कशी विसरणार! मेंढरांना जंत झाले की धनगर पळसाचे बी आणि वावडिंग कुटून मिठात कालवतात, दगडावर चाटायला ठेवतात. धुरपाने तळ्याकाठी तसेच मीठ मांडले आणि सवयीने मेंढरांना घालतात तशी हाक घातली, "हुर्र्यो, हुर्र्यो!" सांबरे उधळली ती थेट डोंगराआड!

पाटील पोट धरून हसले. "धुरपे, उद्या वाघाला पुरणपोळी वाढशील की!"

रविवारी सांजेला ती रडतच महाराजांकडे आली. "म्हाराज, अवशद हाय, पर ती येत न्हाईत. उद्या मारत्याल त्यास्नी."

महाराज म्हणाले, "बाई, तुझी हाक त्यांना कशी कळेल? त्यांच्या धन्याला हाक मार. मी येतो सोबत."

सकाळी महाराज दगडापाशी डोळे मिटून बसले. पाटील बंदूक घेऊन हजर होतेच. धुरपाने रानाकडे पाठ केली, देवळाकडे तोंड केले आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "हुर्र्यो, देवा! हुर्र्यो!"

आणि काय नवल! कारवी हलली. माणसांची भीती विसरून एकेक सांबर खाली उतरले. दोन मुठी मीठ ते! अवघा कळप चाटत होता, तरी दगड पांढराच!

पाटलांनी बंदूक उचलली. तेवढ्यात दावे तोडून त्यांचा लाडका बैल सर्जा धावत आला आणि सांबरांत शिरून मीठ चाटू लागला. त्याच्याही जबड्याखाली तीच सूज होती. गावापासून पाटलांनी ती लपवली होती. बंदूक आपसूक खाली आली.

"म्हाराज," पाटील पायांवर कोसळले, "रोग रानानं आणला न्हाई. आधी माझा सर्जा आजारला. त्याच तळ्यावर मी त्याला पाजत हुतो."

महाराजांनी त्यांना प्रेमाने उठवले. "पाटील, औषध मी कुटलेले नाही."

पाटील वळले आणि साऱ्या गावादेखत त्यांनी धुरपाच्या मिठाने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.

धुरपा ओशाळून मागे सरली. डोळे पुसत म्हणाली, "उठा दादा. बैलाला पोटभर चाटू द्या. देवानं समद्यांपुरतं ठिवलंया."