टिंगीची एकुलती एक शेंग

एक होती उंदरीण. केवढी? आवळ्याएवढी! तिचं नाव टिंगी. शेपूट मात्र तिच्याहून लांब.

चंद्राकाकूच्या परसात टिंगीचं बीळ होतं. परसात अळू होता. शेवगा होता. मिरचीची चार झाडं होती.

टिंगीला एकच हौस. मटार खायचा! हिरवा हिरवा, गोड गोड मटार. जन्मात एकदा तरी! तिनं तो कधी खाल्लाच नव्हता. नुसता वास घेतला होता. वासानं का कुठं पोट भरतं?

एकदा काय झालं, काकूच्या डब्यातून एक वाटाणा पडला. टप्प! घरंगळत घरंगळत टिंगीच्या पायाशी आला. टिंगीनं चावून पाहिला. कट्ट! वाळका वाटाणा तो, दगडासारखा टणक. दात दुखला बिचारीचा.

मग टिंगीनं वाटाणा मातीत पुरला. शेंगदाण्याच्या टरफलातून पाणी आणलं. रोज आणलं. तुरू तुरू जायची, तुरू तुरू यायची.

कोंब आला. पानं आली. वेल झाली. पांढरं फूल आलं. आणि मग, अहाहा! शेंग आली. एकच हं. चपटी आणि कोवळी. आत दाणे मोहरीएवढे.

रोज टिंगी विचारायची, "शेंगे शेंगे, भरलीस का?"

शेंग म्हणायची, "अजून नाही, अजून नाही."

पण टिंगीचं एक चुकलं. तिनं पाणी घातलं, माती घातली. काठी लावलीच नाही! मटाराची वेल ती. तिला धरायला काहीतरी नको का? पण टिंगीला हे सांगणार कोण?

एके सकाळी वारा आला. सूं सूं सूं! वेल डुलली. वेल झुकली. आणि धप्प! पडली चिखलात.

"वेली वेली, ऊठ ना गं!" टिंगी म्हणाली.

वेल म्हणाली, "कशी उठू? मला आधार नाही. चिखलात शेंग भरत नाही, कुजून जाते. काठी आल्याशिवाय मी उठणार नाही."

एवढे दिवस पाणी घातलं, आणि शेंग कुजणार? टिंगी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू.

परसात कोंबडीचं डालगं होतं. डालगं म्हणजे मोठी टोपली, पालथी घातलेली. तिच्या काठाखाली एक काठी उभी होती, टेकू देऊन.

"काठीबाई, काठीबाई, ऐक ना!
वेल पडली चिखलात.
माझी शेंग कुजेल, आता मी काय करू?"

काठी म्हणाली, "अगं, मी हलले तर डालगं खाली येईल. आत कोंबडी आहे. कोंबडी निघाल्याशिवाय मी उठणार नाही. नाही म्हणजे नाही!"

टिंगीनं डालग्यात डोकं घातलं. कोंबडी अंग फुगवून बसली होती.

"कोंबडीताई, कोंबडीताई, ऐक ना!
काठी उठेना,
वेल पडली चिखलात.
माझी शेंग कुजेल, आता मी काय करू?"

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक! निघू कशी? बाहेर बोका बसलाय, मिशा चाटतोय. माझी पाच पिल्लं आहेत, बाई. बोका हलल्याशिवाय मी निघणार नाही. नाही म्हणजे नाही!"

बोका! टिंगीचं शेपूट ताठ झालं. उंदरानं बोक्याकडे जायचं? असं कुणी करतं का? पण ज्याचं जळतं त्याला कळतं. टिंगी गेली. लांबच उभी राहिली हं, शहाणी ती.

"बोकेमामा, बोकेमामा, ऐक ना!
कोंबडी निघेना,
काठी उठेना,
वेल पडली चिखलात.
माझी शेंग कुजेल, आता मी काय करू?"

बोक्यानं एक डोळा उघडला. म्हणाला, "म्याँव! तुला खायचासुद्धा कंटाळा आलाय मला. सकाळचं दूध नाही मिळालं. दूध मिळाल्याशिवाय मी हलणार नाही. नाही म्हणजे नाही!"

पळाली टिंगी. तुरू तुरू, तुरू तुरू. थेट गोठ्यात. तिथं शेळी उभी होती.

"शेळीआक्का, शेळीआक्का, ऐक ना!
बोका हलेना,
कोंबडी निघेना,
काठी उठेना,
वेल पडली चिखलात.
माझी शेंग कुजेल, आता मी काय करू?"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! दूध आहे गं, रगड आहे. पण धार कोण काढणार? तू? चंद्राकाकू आल्याशिवाय मी दूध देणार नाही. नाही म्हणजे नाही!"

टिंगीचे पाय दुखायला लागले. तरी ती गेली. तुरू तुरू, तुरू तुरू. आता थेट स्वयंपाकघरात.

"अगं बाई! उंदीर!" चंद्राकाकू ओरडली आणि पाटावर चढली. पाट केवढा? चार बोटं उंच! कडेवर तिची नात गुलू होती. ती रडत होती. भ्यां भ्यां भ्यां!

"चंद्राकाकू, चंद्राकाकू, ऐका ना!
शेळी दूध देईना,
बोका हलेना,
कोंबडी निघेना,
काठी उठेना,
वेल पडली चिखलात.
माझी शेंग कुजेल, आता मी काय करू?"

काकू म्हणाली, "ऐकते गं बाई, पण माझे हात रिकामे आहेत का? सकाळपासून गुलूनं भोकाड पसरलंय. घोडा घोडा केलं. चिऊ दाखवली. कडेवरून खाली उतरेल तर शपथ! गुलू गप्प झाल्याशिवाय मी येणार नाही. नाही म्हणजे नाही!"

आता उरली कोण? एकटी गुलू. गाल ओले. नाक लाल. टिंगीनं हात जोडले.

"गुलूबाळ, गुलूबाळ, ऐक ना!
काकू येईना,
शेळी दूध देईना,
बोका हलेना,
कोंबडी निघेना,
काठी उठेना,
वेल पडली चिखलात.
माझी शेंग कुजेल, आता मी काय करू?"

गुलू म्हणाली, "मला मताल पाहिजे! मताल मिळाल्याशिवाय मी गप्प होनाल नाही. नाही म्हंजे नाही!"

काकू म्हणाली, "घ्या! मंगळवारच्या बाजाराआधी मी मटार आणू कुठून?"

मटारासाठी तर टिंगी दारोदार फिरत होती. आणि गुलूलाही मटारच हवा! आता जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नव्हतं.

टिंगी परत निघाली. तुरू तुरू नाही हं. हळू... हळू... हळू. वेलीजवळ येऊन बसली. वेलीची पानं मलूल झाली होती. टिंगी मुसुमुसु रडायला लागली.

"गुलू गप्प होईना,
काकू येईना,
शेळी दूध देईना,
बोका हलेना,
कोंबडी निघेना,
काठी उठेना,
वेल पडली चिखलात.
माझी शेंग कुजेल, आता मी काय करू?"

ऐकायला होतंच कोण?

टिंगीनं शेंगेकडे पाहिलं. चपटी, कोवळी, हिरवी. तोंडाला पाणी सुटलं. खाऊन टाकू का? आत्ताच? मोहरीएवढे असले तरी मटारच ते! पण मग गुलू रडतच राहणार. काकू येणार नाही. काठी येणार नाही. आणि वेल? वेल मरून जाणार.

टिंगीनं डोळे पुसले. शेंग धरली आणि ओढली.

"आई गं!" वेल कळवळली. "एका हातानं ओढू नकोस, मी मुळासकट येईन! एका हातानं मला धर. दुसऱ्या हातानं शेंग तोड."

टिंगीनं एका हातानं वेल धरली. दुसऱ्या हातानं शेंग धरली. डोळे घट्ट मिटले. टक्क!

शेंग तुटली. टिंगीला फार फार वाईट वाटलं. पण ती पळाली. तुरू तुरू, तुरू तुरू, तुरू तुरू! शेंग गुलूच्या पुढ्यात ठेवली.

काकूनं शेंग सोलली. आत सात इवले इवले दाणे. गुलूनं एक खाल्ला. दोन खाल्ले. सगळे खाल्ले! म्हणाली, "गोऽऽद!" टिंगी नुसती बघत राहिली.

मग काय झालं?

गुलू गप्प झाली.
काकू गोठ्यात आली.
शेळीनं दूध दिलं, चुर्र चुर्र.
बोका दूध प्यायला, लप लप, आणि छपरावर जाऊन झोपला.
कोंबडी निघाली, मागं पाच पिल्लं, चिव चिव.
काठी उठली, टक टक उड्या मारत आली. मागं डालगं पडलं, धब्ब!
काठी चिखलात उभी राहिली. वेलीनं आपल्या हिरव्या तारा काढल्या. काठीला एक वेढा. दोन वेढे. तीन वेढे. आणि वेल उठली!

सगळ्यांचं सगळं झालं. आणि टिंगीचं? टिंगीचं काहीच नाही. वेल उभी, पण रिकामी. टिंगी बिळात गेली आणि तोंड झाकून रडली.

दुसऱ्या दिवशी तहान तर वेलीला लागणारच. टिंगीनं टरफल उचललं. पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी आणलं. चौथ्या दिवशी आणलं. पाचव्या दिवशी पाहते तर काय! वेलीवर फूल. एक नाही, दोन नाही, पांढरंशुभ्र सगळं!

"अगं, हे कसं?" टिंगीनं विचारलं.

वेल म्हणाली, "शेंग तोडली ना, की आम्हाला वाटतं, अजून हवी असेल! मग आम्ही पुन्हा फुलतो. तू तोडलीस, म्हणून फुललं."

फुलांच्या शेंगा झाल्या. इथं शेंग, तिथं शेंग, पानामागं शेंग. टिंगीला मोजताच येईनात.

"शेंगांनो शेंगांनो, भरलात का?"

"भरलो! भरलो!"

बातमी पसरायला वेळ लागतो का? शेळी आली. कोंबडी आली, पाच पिल्लं घेऊन. बोकासुद्धा आला. गुलू आली, काकूचं बोट धरून. सगळे म्हणाले, "टिंगी टिंगी, आम्हाला दे ना!"

टिंगी आवळ्याएवढी, पण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली,

"आधी मी! मी खाल्ल्याशिवाय कुणाला देणार नाही. नाही म्हणजे नाही!"

सगळे गुपचूप बसले. बोकासुद्धा.

टिंगीनं एका हातानं वेल धरली. दुसऱ्या हातानं शेंग तोडली. टक्क! सोलली. आत टपोरे टपोरे दाणे. एक दाणा तोंडात टाकला. कुडुम! डोळे मिटले. टिंगी चावत राहिली, चावत राहिली. गोड गोड, गोड गोड, गोड गोड!

मग सगळ्यांना एकेक शेंग मिळाली. पण टिंगीनं सोललेल्या शेंगेचं काय झालं, ठाऊक आहे? दाणे टिंगीला, सालं शेळीला, आणि गोष्ट तुम्हाला!