सोनकीचे कान आणि शेवंतीतली परी

दारांना कड्या होत्या, पण दिवसा त्या कुणी लावत नसे, आणि एकीच्या चुलीवर काय शिजतंय ते दुसरीला वासावरून कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. फुलमळ्याच्या कडेला एका आळीत सोनकी नावाची चिमुरडी राहायची. घर गरिबाचं. आई गजरे गुंफायची, तेवढ्यावर चूल पेटायची. सोनकीला फ्रॉक एकच, आणि तोही ती उलटा घालायची. आतली शिवण अंगाला काट्यासारखी टोचायची ना! पितळेचं ताट खणकन पडलं, की तिला वाटायचं आभाळच कोसळलं. मग कान दाबून ती आईच्या जुन्या साड्यांच्या जाडजूड गोधडीखाली शिरायची. तिथं कसं गच्च, उबदार वाटायचं.

"दृष्ट लागलीय पोरीला," शेजारच्या ठकूकाकी म्हणायच्या. मायेनंच म्हणायच्या हो! लगेच मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. मोहऱ्या तडतडल्या, धूर नाकात गेला, की सोनकी आणखीच किंचाळायची. "बघ, केवढी दृष्ट होती ती!" म्हणत काकी आणखी मूठभर टाकायच्या.

अशात सोनकीला भाऊ झाला. लोण्याचा गोळाच जणू! बाळाला आत्या नव्हती, म्हणून बारशाला कानात नाव सांगायचा मान बहिणीचा. सोनकीनं नावही शोधून ठेवलं होतं. पण बारसं म्हणजे बायकांची गर्दी, बांगड्यांचा खळखळाट, आणि कानात 'कुर्र' केलं की पाठीवर पटापट धपाटे.

"तिला नको गं बसवूस," काकी आईला म्हणाल्या. "मध्येच किंचाळली म्हणजे? माझी सून सांगेल नाव."

"तिचा भाऊ आहे हो काकी," आई म्हणाली खरी, पण तिचाही आवाज पडला होता.

गोधडीखाली सोनकीनं सगळं ऐकलं.

बारशाच्या दिवशी सकाळीच ती मळ्यात जाऊन बसली. पिवळीधम्म शेवंती, निळी निळी गोकर्ण, पानापानावर दवाचे लखलखते मणी. एवढ्यात मुंगीनं शीळ घालावी तशी बारीकशी हाक आली. बायका तिथंच फुलं तोडत होत्या, पण ऐकू आली फक्त सोनकीला. शेवंतीच्या फांदीवर, कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी परी अडकली होती. गव्हाच्या लोंबीएवढी, मोरपंखी पंखांची!

जाळं ओलं आणि चिकट. चिकट म्हटलं की सोनकीच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. तरी दात आवळून तिनं एकेक धागा बोटानं सोडवला.

"दोन इच्छा माग, सोनुली," परी म्हणाली. "पण मी पुरवलेली इच्छा एकट्याला लागत नाही, सगळ्या आळीला लागते. नकोशी झाली की 'पुरे' म्हण. आणि 'मला बदलून दे' असं मागायचं नाही हं. तुझे कान असे नसते, तर आज मला कोण वाचवणार होतं?"

"सगळे आवाज जाऊ देत!" सोनकी पटकन बोलून गेली.

गेले की! पाखरं मुकी, पाट मुका. सोनकी उड्या मारत घरी आली. बघते तर पाळण्यात बाळ रडून लालबुंद झालेलं, आणि आई पाठमोरी गजरे गुंफतेय. तिला कळतच नव्हतं! सोनकीनं पदर ओढला तेव्हा आईनं बाळाला उचललं. आईचे ओठ हलत होते, पण तिची ओवी कुठं ऐकू येत होती? सोनकीचे डोळे भरून आले. "पुरे, पुरे!" ती ओठांनीच म्हणाली. आणि ओवी परत आली.

दुपारी बारसं भरलं. बांगड्या खळखळल्या, ताटं खणखणली, बाळानं टाहो फोडला. काकींची सून पदर खोचून पाळण्याकडे निघाली. कोपऱ्यात कान दाबून बसलेली सोनकी पुटपुटली, "परी, सगळ्यांना घटकाभर माझ्यासारखं होऊ दे."

ठकूकाकींच्या बांगड्या किणकिणल्या आणि काकी स्वतःच दचकल्या. "अगंबाई, भांड्यांची मांडणी पडली का?" कुणाला साडीची जर टोचू लागली, कुणाला अत्तरानं गरगरलं. सगळ्या जिथल्या तिथं चिडीचूप. बाळही रडायचं थांबलं.

"पुरे," सोनकी म्हणाली.

कान दाबलेल्या सोनकीकडे बघत काकींनी हातातलं ताट अलगद खाली ठेवलं. "पोरी, तुला रोज असं होतं?"

"हो."

"आणि मी मेली मोहऱ्या टाकत बसले! ऊठ गं बाई, तुझा मान तू घे."

सोनकी पाळण्यात वाकली. "कुर्र… गुलाब!" काकींचा हात सवयीनं उठला, पण अधांतरीच थांबला.

"हळूसुद्धा मारू नका," सोनकी म्हणाली. "गोधडीसारखा हात दाबून ठेवा."

काकींनी तळवा पाठीवर घट्ट टेकवला. मग आईनं, मग सगळ्यांनी. सोनकी खुदकन हसली. पाळण्याच्या दोरीवर सोनेरी उजेड फुलला, मोरपंखी पंख एकदा चमकले, आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

आता त्या आळीतली दारं दिवसाही बंद असतात. पण बारसं असलं की बायका बांगड्या मागं सारून आत येतात, आणि 'कुर्र' झालं की धपाटा कुणी घालत नाही. पाठीवर तळवा ठेवतात, घट्ट, गोधडीसारखा.