वाळू संपेपर्यंत

एका बाजारपेठेच्या गावात एक सणगर राहत होता. त्याचे नाव येसाजी. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारा. आज्याने माग चालवला, बापाने चालवला, तोही चालवत होता. पण गाव त्याला घोंगड्यांसाठी ओळखत नव्हते. गाव त्याला ओळखत होते ते त्याच्या बोलण्यासाठी.

त्या गावात एक वक्तृत्व मंडळ होते. कापडाचे व्यापारी त्र्यंबकशेठ यांनी ते काढले होते आणि अध्यक्षही तेच होते. दर शनिवारी दिवेलागणीला नदीकाठच्या मंडपात माणसे जमत. एक उठे, भाषण करी, बसे. मग दुसरा उठे.

मंडळाचे नियम कडक होते. विषय अध्यक्ष देणार आणि बाजूही अध्यक्षच देणार. का म्हणून विचारायचे नाही. बोलणारा उभा राहिला की वाळूचे घड्याळ उलटे करायचे. वाळू गळत आहे तोवर मंडप त्याचा. कोणी मध्ये बोलायचे नाही, कोणी उठून जायचे नाही. वाळू संपली की रामा गुरव घंटा वाजवी आणि बोलणारा असेल तिथे थांबून खाली बसे. मध्ये जो तोंड उघडेल त्याने पुढच्या शनिवारी साऱ्या मंडळाला पोहे घालायचे. हा दंड जागच्या जागी सुनावण्यापुरते बोलायची मुभा एकट्या रामाला होती. एकदा पाटलांना शिंक आली तेव्हा मोठा वाद झाला. शेवटी शिंक म्हणजे बोलणे नव्हे असे ठरले आणि पाटील सुटले.

येसाजी हा या मंडळाचा हुकमी एक्का. एका शनिवारी त्याने बैल घोड्याहून श्रेष्ठ असे सिद्ध केले. पुढच्या शनिवारी शेठने उलटी बाजू दिली तर त्याने घोड्याला बैलाच्या डोक्यावर बसवले. टाळ्या देणारी माणसे तीच होती. त्यात काही चुकते आहे असे येसाजीला कधी वाटले नाही. टाळ्या त्याला आवडत. घरी जाताना वाटेने तो आपलीच वाक्ये पुन्हा म्हणून बघे आणि खूश होई.

मंडपाच्या मागे नदीला लागून एक सपाट पटांगण होते. सणगर तिथे लोकरीचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे सूत, पसरत आणि कुंच्याने त्याला चिंचोक्याची खळ लावत. खळ लावली नाही तर मागावर सूत तुटते. आणि एवढा लांब ताणा पसरायला गल्लीत जागा नव्हती. पटांगण गेले की माग गेला, इतका सरळ हिशेब होता.

त्याच पटांगणावर त्र्यंबकशेठचा डोळा होता. त्यांना तिथे वखार बांधायची होती. जागा गावाची, त्यामुळे निर्णय पाटलांचा आणि पंचांचा. शेठ पाटलांना म्हणाले, "विषय मंडळापुढं ठेवू. दोन्ही बाजू ऐका. जी पटेल तसं करा."

पाटलांना ते बरे वाटले. कोणाचे तोंड चुकवायला नको.

शनिवारी सभा संपताना शेठने पुढचा विषय सांगितला. "नदीकाठचं पटांगण वखारीला द्यावं की नाही. द्यावं, ही बाजू येसाजी मांडील. देऊ नये, ही बाजू हरबा शिंपी मांडील."

मंडपात हशा पिकला. हरबा शिंपी उभा राहिला की घामाने भिजत असे. मागच्या खेपेस तो नुसते "सभ्य गृहस्थहो" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणून खाली बसला होता. येसाजी मात्र हसला नाही. सगळे गेल्यावर तो शेठपाशी गेला.

"शेठ, माझी बाजू बदला."

"नियम तुला ठाऊक आहे. आणि एवढं काय त्यात? कसरत आहे ही. बैल-घोडा आठवतो ना? तसंच हे."

"बैल-घोड्याचा निकाल लागून कोणाचा माग बंद पडत नव्हता."

शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "येसाजी, जत्रेला राजाच्या दरबारात बोलायला आपल्या मंडळाचा एक माणूस जायचा आहे. भर सभेत शाल मिळेल. मी कोणाचं नाव द्यावं असं तुला वाटतं?" मग हात काढून घेऊन म्हणाले, "आणि नियम मोडणाऱ्याला या मंडपात पाऊल टाकता येणार नाही. तेवढं ध्यानात ठेव."

येसाजी घरी आला. ओट्यावर त्याची सरूआत्या चिंचोके भरडत होती. भाऊबंदांत सगळ्यांत वडील तीच, आणि बातमी तिच्याकडे त्याच्या आधी पोहोचली होती.

"काय रे वक्त्या," ती म्हणाली, "आमची जागा किती गोड बोलून देणार आहेस?"

"आत्या, मी काय करू? नाही गेलो तर शेठ ती बाजू दुसऱ्याला देणार. उभा राहून उलटं बोललो तर रामा लगेच घंटा वाजवणार. नियमाबाहेरचं बोलणं धरत नाहीत."

"मग वाईट बोल. हरबासारखा घाम आण."

"मला वाईट बोलता येत नाही."

"आलाय मोठा!" आत्याने जाते जोरात फिरवले. "मग चांगलं बोल आणि आम्हाला नदीत लोट."

येसाजी मागावर बसला. धोटा इकडून तिकडे जाऊ लागला आणि डोक्यात वखारीच्या बाजूची वाक्ये येऊ लागली. वखार झाली की व्यापार वाढेल. व्यापार वाढला की गाव वाढेल. एकापेक्षा एक सरस वाक्ये, न बोलावता, रांगेने येत होती. कुठे टाळी पडेल तेही त्याला कळत होते. आपल्याच डोक्याची त्याला भीती वाटली. त्याने धोटा खाली ठेवला.

शनिवार आला. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे पाटील आणि पंच बसले. मागे खांबांपाशी सणगरांची माणसे उभी होती, सरूआत्या पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. शेठ नवे उपरणे घेऊन आले होते.

"येसाजी, ऊठ. बाजू मांड."

येसाजी उठला. रामा गुरवाने घड्याळ उलटे केले. वाळू गळू लागली.

येसाजी ताठ उभा राहिला आणि त्याने तोंड उघडले नाही.

आधी लोकांना वाटले, ही त्याची ढब आहे. मोठे वक्ते सुरुवातीला असे थांबतातच. काहींनी टाळीसाठी हात तयार ठेवले. वाळू गळत राहिली. हात हळूच खाली गेले. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. शेठने नजरेने खुणावले, मग हाताने खुणावले. येसाजी त्यांच्याकडेच पाहत होता आणि पापणी हलवत नव्हता.

त्या मंडपात इतकी शांतता कधी झाली नव्हती. नदीचे पाणी ऐकू आले. मग सणगर गल्लीतून खट् खट् असा आवाज आला. कोणीतरी म्हातारे माणूस सभेला न येता माग चालवत होते. तो आवाज रोज संध्याकाळी होत असे. मंडपात तो कधी पोहोचला नव्हता, कारण मंडपात सदा कोणीतरी बोलत असे. आज पंचांनी मान वळवून त्या दिशेला पाहिले.

शेठचा धीर सुटला. "अरे बोल की! दातखीळ बसली का तुझी?"

रामा गुरवाने बोट वर केले. "शेठ, पोहे."

हसू दाबायला कितीतरी जणांनी उपरणे तोंडात कोंबले. शेठ लाल झाले. "मी अध्यक्ष आहे!"

"आणखी एकदा पोहे," रामा म्हणाला.

शेठने ओठ मिटले. नियम त्यांचाच होता.

येसाजी शेठला भीत नव्हता, पण आत वाक्ये उसळत होती आणि तो एकेक गिळत होता. सारा गाव समोर बसलेला, पंच कान देऊन बसलेले, असा मंडप त्याला जन्मात पुन्हा मिळणार नव्हता. एक वाक्य टाकले असते तर टाळ्यांनी छप्पर उडाले असते. त्याने दात दातांवर धरले. वाळूचा शेवटचा कण पडला.

घंटा वाजली.

"साऱ्या गावाचा वेळ घालवलास," शेठ ओरडले. "तोंड नव्हतं का तुला?"

"आहे," येसाजी म्हणाला. "बाजू तुम्ही दिलीत, शेठ. तोंड माझं आहे."

आणि तो खाली बसला.

मग हरबा शिंपी उठला. वाळू सुरू व्हायच्या आधीच त्याचा सदरा भिजला होता. "सभ्य गृहस्थहो," तो म्हणाला आणि अडकला. कोणी हसले नाही. हरबाने खांबाकडे, सरूआत्याकडे पाहिले. "मी ज्या घोंगडीवर जन्मलो ती आत्यानं विणलेली. पाटील, तुम्हीपण तसल्याच घोंगडीवर जन्मलात. त्या वखारीत काय काय ठेवतील मला माहीत नाही. पण घोंगडी नसेल, कारण विणायला कोणी उरणार नाही." एवढे बोलून तो बसला. वाळू बरीच शिल्लक होती. ती संपेपर्यंत सगळे गप्प बसून राहिले.

पाटील उठले. "ज्यानं बैलाचा घोडा करून दाखवला, त्यानं आज या बाजूसाठी एक शब्द उच्चारला नाही."

"सुचला नाही असं नव्हे," शेठ घाईने म्हणाले. "हट्ट केला त्यानं!"

"तेच म्हणतो मी. सुचले असतील, ढीगभर सुचले असतील. टाळ्यांची एवढी भूक असलेला माणूस टाळ्या समोर दिसत असताना उपाशी उभा राहिला. मग खोट त्या बाजूतच आहे. पटांगण सणगरांकडे राहील."

सरूआत्याने पदर सोडला आणि डोळ्यांना लावला. मग कोणी बघत नाही ना हे पाहून पुन्हा खोचला.

शेठने तिथल्या तिथे येसाजीचे नाव मंडळातून कमी केले. मंडप रिकामा झाल्यावर मात्र त्यांनी त्याला पायरीवर थांबवले. येसाजी गेला तर शनिवारी मंडपात कोण येणार, हे ते जाणून होते. "माफी माग," ते म्हणाले, "नाव परत घालतो. दरबारातही तूच जाशील."

"माफी कशाची, शेठ?" येसाजी म्हणाला. "मी तर काही बोललोच नाही."

तो पायरी उतरला. पुन्हा ती चढला नाही.

पुढच्या शनिवारी दिवेलागणीला तो पटांगणात ताण्याला खळ लावत होता. मंडपातून टाळ्यांचा आवाज आला. त्याचा कुंचा क्षणभर थांबला. टाळ्या त्याला अजून आवडत होत्या, आणि त्या आता दुसऱ्या कोणाच्या होत्या. सरूआत्याने ते पाहिले आणि खळीचे भांडे त्याच्याकडे सरकवले. तिला एवढे कळत होते.

थोड्या वेळाने रामा गुरव पानाचा द्रोण घेऊन आला. "शेठच्या दंडाचे पोहे. तुझा वाटा."

येसाजीने हात धुतले आणि उभ्या उभ्या पोहे खाल्ले.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, आणि कुंचा उचलून पुन्हा ताण्याला लागला.

तात्पर्य: बोलायला जरूर शिकावे, पण आपली जीभ दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आपला शब्द आपल्याच माणसांच्या मुळावर येणार असेल, तर टाळ्यांवर पाणी सोडावे, ताठ उभे राहावे आणि तोंड मिटून ठेवावे.