दिवेलागणीच्या गोळीची कहाणी

ऐका बायांनो, दिवेलागणीच्या गोळीची कहाणी. हातात अक्षता घ्या, आणि कुजबुज करायची असेल ती आधी उरकून घ्या.

आटपाट नगर होतं. नगरात हौसा नावाची बाई होती. नवरा तापानं गेला, मग तिलाही ताप येऊ लागला. डॉक्टरानं रक्त तपासलं, म्हणाला, "बाई, तुझ्या रक्तात एचआयव्ही आहे." पुढं काही समजावलं नाही. लहानग्या लेकीचं, मंजुळेचं, रक्त पाहिलं, ते निर्मळ निघालं. मग हौसा लेकीला कडेवर घेऊन भावाच्या दारी आली.

भाऊ उठून शेतावर निघून गेला. भावजय सगुणा, तिनं मंजुळेला घरात घेतलं अन् हौसेला गोठा दाखवला. "वन्सं, राग मानू नका. घरात पोरंबाळं आहेत." ताट वेगळं, तांब्या वेगळा, चहाचा कप गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला. मंजुळा उंबऱ्यातून हाक मारी, "आई, जेवायला ये ना!" हौसा म्हणे, "तू जेव गं, मला भूक नाही." तिच्या मनात एकच होतं. मरायच्या आधी लेकीबरोबर एका ताटात जेवावं.

एके दिवशी ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथं चिंचेखाली बाया ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर पांढरी डबी. हौसेनं विचारलं, "बायांनो, बायांनो, कसला वसा वसता?"

त्यांत इंदूमावशी होती, बारा वर्षं डबी बाळगणारी. ती म्हणाली, "तुला कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग मावशीनं वसा सांगितला. "दिवे लागले की एक गोळी घ्यावी. सण असो, सुतक असो, उपास असो, चुकवू नये. कुणी हसलं तर हसू द्यावं." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची डबी दिली.

हौसा वसा वसू लागली. पहिल्या महिन्यात ताप गेला. दुसऱ्या महिन्यात भाकरी गोड लागली. तिसऱ्या महिन्यात शेणाची पाटी एका दमात उचलली. वर्ष सरलं, रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, म्हणाल्या, "छान हौसाबाई! विषाणू आता दिसतसुद्धा नाही." अन् पुढच्या बाईला हाक मारली.

मग हौसेनं काय केलं? सोळा सोमवार भरले की आपण काय करतो? तेच केलं. उद्यापन केलं! गोठ्यातच पुरण शिजवलं, गाईला घास दिला, उरलेली डबी हळदकुंकू वाहून नदीत सोडली. चुकली खरी. पण 'दिसत नाही' म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं होतं? तो दोष तिच्या एकटीच्या माथी मारू नका.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात भाकरी कडू लागली. तिसऱ्या महिन्यात तापानं अंथरूण धरलं. सगुणा दारातूनच म्हणाली, "बघा, मी म्हणतच होते. काय कामाच्या त्या गोळ्या?" मंजुळेनं ऐकलं. मामी ओरडत राहिली, पोर उंबरा ओलांडून धावली अन् आईच्या गळ्यात पडली. "आई, डबीवाल्या मावशीकडं जा ना."

लेकीसाठी हौसा उठली. चिंचेखाली गेली, मान वर होईना. "मावशी, वसा टाकला. उद्यापन केलं."

मावशीनं कपाळावर हात मारला. "खुळे! दिवा लावला की अंधार दिसत नाही. म्हणून तो गाव सोडून गेला का? उंबऱ्याबाहेर टपून बसतो. रोज दिवा लावावा लागतो. दिव्याचं कुणी उद्यापन करतं का?"

"म्हणजे जन्मभर?"

"जन्मभर. पण जन्म मोठा होतो की गं!"

डॉक्टरीणबाईंनी या वेळी बसवून सगळं समजावलं, रक्त पाहून गोळ्या बदलून दिल्या. मावशी हौसेला घरी पोचवायला आली. सगुणेनं पाहुणी म्हणून ओसरीवर पाट मांडला, कपाटातल्या चांगल्या कपात चहा दिला. मावशीनं चहा संपवला, कप पुढं केला. "सगुणे, मलाही हौसेचाच आजार आहे. आता हा कप कुठल्या खुंटीला टांगशील?"

सगुणा दोन पावलं मागं सरली, तशी मावशी म्हणाली,

"बारा वर्षं नवऱ्याच्या ताटात जेवते, नातवाचा मुका घेते. ताटानं लागत नाही, कपानं लागत नाही, मांडीवर घेतल्यानं लागत नाही. माझा शब्द नको, दवाखान्यात जाऊन विचार."

सगुणा पहिल्या दिवशी रुसली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन आली. तिसऱ्या दिवशी दिवे लागले तशी गोठ्याच्या दारात उभी राहिली. "वन्सं, गोळी घेतलीत का? मग आत या. मंजुळा ताटावर खोळंबली आहे."

मायलेकी एका ताटात जेवल्या. दुसऱ्या सकाळी सगुणेनं खुंटीवरचा कप काढला, त्यात चहा ओतला. अन् तो स्वतःच प्याली.

जशी हौसेची भाकरी गोड झाली, तशी तुमचीआमची होवो. जिच्या घरी असा कप टांगलेला असेल, तिनं तो आजच उतरवावा. साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी सुफळ. संपूर्ण मात्र म्हणायचं नाही बायांनो, या वशाला उद्यापन नाही. उठा, दिवे लागले.