सहा चांदण्यांची खिंड

तळकोंडच्या पुलावरून घाट चढायला लागलात, की वडापच्या जीपमध्ये एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असतात, दोघं-तिघं पायरीवर लोंबकळत असतात, कुणाची कोंबडी कुणाच्या पायाशी फडफडत असते, आणि पुढं ड्रायव्हरच्या डाव्या हाताची जागा मात्र मोकळी. तुम्ही पाहुणे, तुम्हाला वाटणार कुणा बड्या असामीसाठी राखून ठेवली असेल. तिथं बसायला गेलात तर ड्रायव्हर भांडणार नाही. नुसता बघत राहील आणि गाडी सुरू करणार नाही. मग मागून एखादी म्हातारी सांगेल, "लेकरा, खिंड आली की बस तितं. तवर ये हिकडं." लाकडाचा ट्रक असो, दुधाची गाडी असो, नाहीतर डॉक्टरांची मोटार, पूल ते खिंड सगळ्यांना हाच दंडक आहे.

खिंडीत पोचल्यावर डाव्या हाताला कातळाच्या कट्ट्यावर चुन्यानं रंगवलेले सहा धोंडे दिसतात. एक मोठा, पाच लहान. शेंदूर नाही, झेंडा नाही, पेटीही नाही. कुणी नवस बोलायला गेलं तर इथली माणसं हसतात, कारण हे धोंडे कुणाला काही देत नाहीत. त्यांना सहा चांदण्या म्हणतात. त्या तिथं कशा आल्या, त्याची हकिकत अशी सांगतात.

पुलाच्या अलीकडं कासारमाळ नावाची वाडी आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी तिथं एक बाई बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. बाप आधीच गेलेला. पोर मागं राहिलं. त्या वेळी वाडीत पाच ओल्या बाळंतिणी होत्या म्हणे. एवढ्याशा वाडीत एकाच वेळी पाच कशा, असं विचारू नका. होत्या, म्हणून तर पोर जगलं. पाचजणींनी पाळ्या लावून त्याला अंगावर घेतलं. जोतिबाच्या चैतातला जन्म, म्हणून नाव ज्योतिराम ठेवलं.

सहावी होती गोजराबाई. तिला मूल झालं नव्हतं, आणि नवरा गेल्यावर व्हायचं राहूनच गेलं. तिच्याकडं पाजायला काही नव्हतं. पण पाचजणींना आपापली पोरं होती, सासरची कामं होती, रात्री कुणाला एक वाढीव रडणारं पोर उशाशी नको असायचं. तेव्हा पाच घरचं दूध पिऊन ज्योतिराम झोपायला सहाव्या घरी जाई. त्याला तेल लावणं, शेक देणं, गोवरात दहा दिवस मांडीवरून खाली न ठेवणं, पुढं शाळेत पोचवणं, हे सगळं गोजराबाईनं केलं. बोलायला शिकला तसा तो पाचजणींना आई म्हणू लागला. थोरल्या बायजाबाईला थोरली आई, आडाजवळच्या घरातलीला आडाची आई, असं. दूध पाजलं ती आई, हा वाडीचा सरळ हिशेब होता. गोजराबाईला तो गोजराकाकू म्हणायचा, कारण वाडीतली सगळी पोरं तसंच म्हणत.

तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. पण तिला हवं होतं. त्या पोरानं एकदा, एकदाच, आपल्याला आई म्हणावं, एवढं एकच तिला आयुष्यात हवं होतं, असं सांगतात. मागून घ्यावं तर त्याला काय अर्थ, म्हणून ती गप्प राहिली. ज्योतिराम मिशा फुटेस्तोवर तिच्याच घरी जेवला आणि "काकू, वाढ" म्हणत राहिला.

खिंडीच्या पलीकडच्या डोंगरावर कार्तिकस्वामीचं देऊळ आहे. सहा कृत्तिकांनी वाढवलेला देव. एरवी बाईमाणसानं त्याचं तोंड बघायचं नाही, फक्त कार्तिकी पुनवेला कृत्तिका नक्षत्र असेल तर तेवढ्या घटका बायकांना दार उघडं. हा दंडक योग्य की अयोग्य, ते स्वामीलाच विचारा. असा योग दरवर्षी येत नाही. आला तरी तेव्हा नुसती पायवाट होती, चार तासांची उभी चढण. गोजराबाईनं मनात धरलं होतं की एकदा स्वामीपुढं उभं राहायचं आणि विचारायचं, तुला वाढवणाऱ्या सहाजणींत दूध न आलेली कुणी होती का, आणि तिला तू काय म्हणून हाक मारायचास.

मग विजेच्या मनोऱ्यांचं काम निघालं. डोंगरावरून तारा न्यायच्या म्हणून खिंड फोडून कच्चा रस्ता केला, आणि कामावर जपानचे हायाशी साहेब आले. त्यांच्याबरोबर बोटीतून त्यांची मोटारही आली. ज्योतिराम तोवर जीप चालवायला शिकला होता. साहेबांनी त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं.

गाडीचं नाव सुबारू. वाडीनं तिला दोन दिवसांत सुबराव करून टाकलं. दिसायला साधी, लांबट, मागं सामानाला जागा असलेली. पहिल्या दिवशी जीपवाले तिला हसले, कारण बसायला ती शहरातल्या मोटारीसारखी मऊ होती. मग शेवाळलेल्या कातळावरच्या चढाला जीप मागं घसरू लागली, तेव्हा ज्योतिरामानं एक दांडा ओढला, चारही चाकांत जोर आला आणि सुबराव वर जाऊन उभा राहिला. तिचं इंजिन उभं नव्हतं, आडवं होतं. त्यातून एक खालच्या पट्टीतली घरघर निघे, ती दोन वळणं अलीकडून ओळखू येई. साहेब सांगत की त्यांच्याकडं उत्तरेला फार बर्फ पडतं, तिथल्या वीजवाल्यांनी मागितली होती अशी गाडी, बारा महिने तारांपर्यंत जाईल आणि माणसाची हाडंही खिळखिळी करणार नाही. ज्योतिराम त्या गाडीवर जीव टाकायचा.

एका संध्याकाळी साहेबांनी पूर्वेला बोट केलं, तिथं चांदण्यांचा घोस नुकता वर आला होता. मग गाडीच्या तोंडावरच्या बिल्ल्यावर हात ठेवला. "सुबारू," ते म्हणाले. ज्योतिराम बघतच राहिला. बिल्ल्यावर सहा चांदण्या होत्या. "साहेब, ह्या तर आमच्या कृत्तिका," तो म्हणाला. साहेबांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की पूर्वी त्यांच्या देशात विमानं बनवणारा एक मोठा कारखाना होता. लढाईनंतर त्याचे तुकडे झाले. त्यातली पाच घरं पुन्हा एक झाली, आणि त्या एकत्र घरानं ही गाडी काढली. पाच लहान चांदण्या म्हणजे ती पाच घरं, मोठी म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं घर.

ज्योतिरामानं हे जसंच्या तसं गोजराबाईला येऊन सांगितलं. ती पदरानं बिल्ला पुसत होती. "पाच म्हंजी तुझ्या पाच आया झाल्या," ती म्हणाली. "मग ही मोठी कोन?"

"मोठी म्हंजी कंपनी, काकू."

"व्हय, बराबर," ती म्हणाली आणि पुसत राहिली.

त्याच साली कार्तिकी पुनवेला योग होता, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. ज्योतिरामानं साहेबांकडं सहा आयांसाठी गाडी मागितली आणि साहेबांनी दिली. सहा आया, हे शब्द त्यानं साहेबांपुढं वापरले, वाडीत नाही. पुनवेच्या दुपारी पुलापाशी सगळ्याजणी नव्या लुगड्यांत उभ्या राहिल्या. मागं तिघी बसल्या, सामानाच्या जागेत एक अंग चोरून बसली. पुढची एक जागा राहिली, आणि बाहेर उरल्या दोघी, बायजाबाई आणि गोजराबाई. ज्योतिरामानं डावं दार उघडून धरलं होतं. त्याची नजर गोजराबाईकडं होती म्हणतात. पण बायजाबाई पुढं झाली. "दुधाचा मान आदी," ती म्हणाली. "गोजरा काय, घरचीच हाय. दुसऱ्या फेरीला यील." त्यात खोट नव्हती, वाडीत लग्नाच्या पंगतीपासून मर्तिकापर्यंत मान असाच ठरत असे. ज्योतिरामानं बोलायला हवं होतं. तो बोलला नाही.

"काकू, तू हितंच पुलापाशी थांब, म्या आलोच," एवढं म्हणून त्यानं दार लावलं.

गोजराबाई थांबली. वर पाचजणींचं दर्शन झालं, पण एकीला प्रदक्षिणा घालायच्या होत्या, एकीला दिवा लावायचा होता, बायजाबाईला माहेरची माणसं भेटली. ज्योतिराम देवळाबाहेर येरझाऱ्या घालत राहिला आणि शेवटी त्यांना तिथंच ठेवून निघाला. इकडं ऊन पुलावरून सरकलं. गोजराबाईनं विचार केला की तो खाली येणार, मला घेऊन पुन्हा वर जाणार, त्यात योग निघून जाईल. आपण पायवाटेनं खिंडीपर्यंत चढलो तर तेवढा वेळ तरी वाचेल. आजवर त्या पोराचा त्रास वाचवण्यातच तिचा जन्म गेला होता. तिनं चपला हातात घेतल्या आणि ती निघाली.

पासष्ट वर्षांची बाई, दम्याची. अर्ध्या वाटेवर कारवीत तिला ती घरघर ऐकू आली. सुबराव सडकेनं खाली चालला होता. तिनं हाक मारली. पण चढून चढून आवाज उरला नव्हता, आणि गाडीच्या काचा बंद होत्या. घरघर खाली गेली. आता तो पुलावर जाऊन माघारी फिरणार, त्याच्याआधी आपण खिंडीत पोचलंच पाहिजे, म्हणून ती आणखी झपाझप चढू लागली. हे कुणी पाहिलं असं विचाराल, तर कुणी नाही. पण तिला ओळखणाऱ्यांना शंका नाही.

पुलाखाली म्हशी धुणाऱ्या बाईनं ज्योतिरामाला सांगितलं, "तुजी काकू मगाशीच वर गेली की." त्यानं गाडी वळवली. त्या घाटात तितक्या वेगानं मोटार पुन्हा कुणी चढवली नाही म्हणतात. खिंडीत आला तेव्हा चांद वर येत होता, समोरच्या डोंगरावर देवळाचे दिवे दिसत होते आणि योगाला अजून घटकाभर बाकी होती. गोजराबाई कातळाला टेकून, देवळाकडं तोंड करून बसली होती. चपला शेजारी नीट ठेवलेल्या.

त्यानं धावत जाऊन डावं दार उघडलं. "काकू, चल. बस लौकर."

ती हलली नाही.

"काकू."

मग तो जवळ गेला, तिचा हात हातात घेतला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "आई. आई, ऊठ की."

तिनं ते ऐकलं का, यावर इथं दोन मतं आहेत. बायका सांगतात, ऐकलं, तिनं डोळे किलकिले केले होते. पुरुष सांगतात, ती केव्हाच गेली होती. ज्योतिरामाला विचारलं तर तो म्हणे, "म्या हाक मारली. उशिरा मारली. एवढंच मला ठावं." दिवेलागण झाली, योग सरला, देवळाचं दार बायकांना बंद झालं. पाचजणी वाट बघून चालत खाली आल्या, तेव्हा तो गाडीचं डावं दार उघडं धरून उभा होता. तो ते कुणाला लावू देईना.

तेराव्या दिवशी त्या पाचजणी चुना घेऊन खिंडीत गेल्या. प्रत्येकीनं एकेक लहान धोंडा आपल्या हातानं कट्ट्यावर ठेवला, बिल्ल्यावर चांदण्या होत्या तशा मांडणीत. मोठा धोंडा बायजाबाईनं आणला, ओढ्यातून डोक्यावर. "ही गोजरा," ती म्हणाली. "आमी पाजलं, पर पोर तिच्याच घरात नांदलं."

मनोऱ्यांचं काम संपलं, साहेब गेले, गाडीही गेली. कुणी सांगतं परत जपानला, कुणी सांगतं मुंबईला. साहेबांनी जाताना तिची किल्ली ज्योतिरामाच्या हातावर ठेवली आणि त्यानं ती परत दिली, असंही ऐकिवात आहे. पुढं त्यानं तीस वर्षं या घाटात दुसऱ्यांच्या जीपा चालवल्या. पूल ते खिंड डाव्या हाताला त्यानं कुणाला बसू दिलं नाही. त्याच्या हाताखाली शिकलेल्या ड्रायव्हरांनी तेच उचललं, त्यांच्याकडून बाकीच्यांनी. गोजराबाईला पुन्हा चालत चढावं लागू नये, एवढाच त्यात भाव.

आजही गाडी खिंडीत आली की थांबते. मागची भरली जीप बोलायची थांबते, अगदी पोरंसुद्धा. ड्रायव्हर उतरतो, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला जातो, रिकाम्या जागेचं दार उघडतो आणि म्हणतो, "आई, चल." म्हातारीला उतरायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ तो दार धरून उभा राहतो. मगच लावतो. नव्या ड्रायव्हरांत काहींच्या आया घरी आहेत, काहींच्या नाहीत, एकदोघं अनाथाश्रमात वाढलेले आहेत. ही हाक सगळे मारतात. आणि गाडी पुढं निघाल्यावर मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी हटकून फोन काढतं आणि आपल्या घरी लावतं.