धाकट्याच्या छातीतली हवा

गोष्ट फार वर्षांपूर्वीची, पण सुरू झाली ती पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी. बर्फाळ डोंगरातल्या एका घरात बॉयलर गरम पाणी पाठवायचा आणि प्रत्येक खोलीतला रेडिएटर त्या पाण्याने खोली उबदार ठेवायचा. त्या पहाटे वरच्या खोलीतला धाकटा रेडिएटर खाली कोमट, पण वर गारच राहिला. तिथेच तान्हं बाळ निजलं होतं. त्याची बोटं गार पडत चालली.

"आळशी आहे मेला," स्वयंपाकघरातला जाडा रेडिएटर म्हणाला. "बॉयलरकाका, दाखवाच त्याला."

काकांनी जाळ वाढवला. खालचे सगळे रेडिएटर पोळून निघाले, धाकटा मात्र तसाच.

खिळ्यावर टांगलेली, रेडिएटरचे स्क्रू फिरवायची पितळी चावी म्हणाली, "त्याला काय होतंय, हे विचारलंत का कुणी?"

"छातीत हवा अडकलीय, मावशी," धाकटा पुटपुटला. "पाणी वर चढत नाही. सगळे रागावले होते, म्हणून गप्प राहिलो."

चावीने आधी काकांना जाळ बंद करायला लावला. मग धाकट्याच्या कानाजवळचा बारीक स्क्रू थोडा सैल केला. सूं करत हवा गेली, पाण्याचे दोन थेंब आले, तसा तिने तो पुन्हा आवळला.

जाळ पुन्हा लागला. हळूहळू बाळाची बोटं ऊन झाली.

एवढं शेजारणीलाही सांगा. तिच्याही घरात कुणी गप्प बसलेलं असेल.