ठमाईनं बांधलेला आड

नळ नव्हते, डांबरी रस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. वेळशेत गावात ठमाई नावाची सुईण होती. तिच्या हातावर अर्धं गाव जन्मलं, असं म्हणतात.

ऐन चैत्रात भिवराबाईची सून राही बाळंत झाली. दोन दिवसांनी ठमाई पोर न्हाऊ घालायला आली, तर राही शेगडीशेजारी तापानं फणफणलेली. ओठ फुटलेले, लघवी बंद, पोर रडून निळं पडलेलं, छातीला दुधाचा थेंब नाही.

"हिला पाणी दिलं नाही होय?"

"ओल्या बाळंतिणीला पाणी? पोट सुटतं, पोराला सर्दी होते," भिवराबाई म्हणाली. "आम्हालाही नव्हतं मिळत. मेलो का आम्ही?"

"तुम्ही नाही मेलात. ज्या मेल्या त्या कशा येतील सांगायला?"

"ठमे, नाळ कापलीस ना? आता वाटेला लाग."

ठमाईच्या अंगाची लाही झाली. ती तडक गावच्या आडावर गेली, काठावर हात ठेवून म्हणाली, "जिचं अंग फाटून लेकरू आलं तिला घोटभर नाही, तर कुणालाच नको."

माणसं हसली. "आडाला कान असतात होय गं?"

एकानं पोहरा सोडला, बुडाल्याचा आवाज आला, आणि वर आला तो कोरडा ठणठणीत. पुन्हा सोडला, पुन्हा कोरडा. ठमाईनं शब्दानं आड बांधला होता. म्हशी रेकायला लागल्या. गाव भिवराबाईच्या दारात जमलं.

दिवस कलता भिवराबाई आडावर आली. जीभ टाळ्याला चिकटलेली. "सोड गं बाई, जीव चाललाय."

"तुमचा सकाळपासून. तिचा कधीपासून ते आठवा. आता तिच्या नावानं ओढा."

भिवराबाईनं ओढला. पोहरा इतका भरून आला की तिच्या हाताला फोड आले, असं म्हणतात. ठमाईनं तिला ते पाणी उकळायला लावलं, निववायला लावलं. मग सासूनं सुनेचं डोकं मांडीवर घेऊन घोटघोट पाजलं, वर मीठ घातलेली पातळ पेज. सारं गाव अंगणात तहानलेलं उभं. राहीच्या कपाळावर घाम फुटला, पोराच्या तोंडाला दूध लागलं, तेव्हा कुठं बाकीच्यांचे पोहरे भरले.

आता घरोघरी नळ आहेत. तरी वेळशेतात बाळंतिणीच्या उशाशी उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या असतोच, त्याला ठमाईचा तांब्या म्हणतात. आणि एखादी म्हातारी "तिला पाणी नको" म्हणालीच, तर बाया म्हातारीच्या हातातला चहाचा कप काढून घेतात.